फोन आणि नेट एकाच बॉक्समध्ये. पण तो बॉक्सच बंद पडला तर?

‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळानं या.’ बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या शाखेत हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. कर्मचारी मुख्य कार्यालयाला विचारायला रिसीव्हर उचलतो, तर फोनही बंद! दोन्ही एकदमच कसं जातं? याचं एक कारण म्हणजे शाखेचा फोन आणि नेट एकाच यंत्रावर चालत असतात.

हे यंत्र आलं कुठून?

समजा, एका संस्थेचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात शाहूपुरीला आहे आणि शाखा गडहिंग्लज, चंदगडला. पूर्वी प्रत्येक शाखेत दोन संसार असायचे. बोलण्यासाठी लँडलाइन आणि इंटरकॉमचा ईपीएबीएक्स, तर कॉम्प्युटरसाठी वेगळी लाइन आणि राउटर. म्हणजे बिलं दोन आणि दुरुस्तीला येणारी माणसंही दोन.

२००४ मध्ये सिस्को कंपनीनं ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस राउटर’ बाजारात आणले. राउटर, फोन एक्स्चेंज आणि सुरक्षेची फायरवॉल, सगळं एकाच यंत्रात. आज अनेक कंपन्या अशी यंत्रं बनवतात. वडोदऱ्याची मॅट्रिक्स कॉमसेक ही भारतीय कंपनीही या क्षेत्रात आहे.

ते काम कसं करतं?

तुमचा आवाज छोट्या डेटा पॅकेट्समध्ये कापला जातो आणि नेटच्याच लाइनवरून जातो. एका साध्या कॉलला साधारण ८० ते ९० केबीपीएस लागतात. म्हणजे २ एमबीपीएसच्या लाइनवर पाच जण एकाच वेळी बोलले, तरी पाव लाइनही भरत नाही.

खरी अडचण उशिराची आहे. फाइल दोन सेकंद उशिरा आली तर कुणाला कळत नाही. पण आवाजाला एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मानक सांगतं. म्हणून हे यंत्र आवाजाच्या पॅकेट्सना आधी वाट देतं. यालाच ‘क्यूओएस’ म्हणतात.

मग धोका कुठं आहे?

विजेत. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्ट वीज मिळायची. घरातली लाइट गेली तरी डायल टोन असायचा. नव्या यंत्राचं तसं नाही. वीज गेली की फोन आणि नेट दोन्ही जातात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या अनेक भागांत वीज बंद होती. नेमक्या अशा वेळीच लोकांना बँकेशी बोलायचं असतं, पैसे काढायचे असतात.

घेण्याआधी काय बघायचं?

• यूपीएस: फक्त राउटर नाही, तर फायबरचा मोडेम आणि फोनचा स्विचही त्यावर हवा.
• दुसरी वाट: सिम टाकायची सोय हवी आणि सिम दुसऱ्या कंपनीचं हवं.
• स्वतःच्या पायावर उभं राहणं: मुख्य कार्यालयाशी संपर्क तुटला तरी शाखेतले फोन एकमेकांना लागले पाहिजेत. ही सोय सगळ्या यंत्रांत नसते, विचारून घ्या.
• पॉवर फेल ट्रान्स्फर: वीज गेल्यावर तांब्याची लँडलाइन थेट एका साध्या फोनला जोडली जाते.
• जागा: पूर येणाऱ्या भागात यंत्र तळमजल्यावर ठेवू नका.

आणि कायदा?

शाखा-शाखांमधलं आपसातलं बोलणं स्वतःच्या डेटा लाइनवरून चालतं. पण एसटीडीचे पैसे वाचवायला कॉल त्या लाइनवरून दुसऱ्या शहरात न्यायचा आणि तिथल्या सार्वजनिक फोन नेटवर्कवर सोडायचा, याला ‘टोल बायपास’ म्हणतात. ते नियमात बसत नाही. सेटिंग करतानाच ही वाट बंद करून घ्या.

यंत्र बसवल्यावर एक सोपी परीक्षा घ्या. शाखेचा मेन स्विच बंद करा आणि बाहेरून फोन लावा. घंटा वाजली तरच बिल चुकतं करा.