फुकटचं कॅड आणि मोकळं कॅड

वाशी म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना खाडीपूल, मॉल आणि लोकलची गर्दी आठवेल. ही ती वाशी नाही. ही धाराशिव जिल्ह्यातली (म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली) तालुक्याची वाशी. धुळे-सोलापूर महामार्गावरचं पारगाव आणि फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेलं तेरखेडा ही याच तालुक्यातली गावं.

इथे माझा मामेभाऊ घरांचे प्लॅन काढून देतो. आयटीआयमधून आरेखक स्थापत्य हा ट्रेड केलेला. सही परवानाधारक इंजिनिअरची, रेघा याच्या. गेल्या एका विकांताला त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "दादा, तू सॉफ्टवेअरमधला माणूस. मला एक सांग, फुकटातलं पण चोरीचं नसलेलं असं काही कॅड मिळतं का?"

प्रश्न साधा वाटला. रात्री उत्तर शोधायला बसलो आणि चाळीसेक वर्षं मागे जाऊन पोचलो. त्याची ही गोष्ट.

सुरुवात करू ऑटोकॅडपासून, कारण आपल्याकडे कॅड म्हणजे ऑटोकॅड, जसं वनस्पती तूप म्हणजे डालडा. १९८२ मध्ये जॉन वॉकर आणि त्याच्या सोबत्यांनी अमेरिकेत ऑटोडेस्क कंपनी काढली. गंमत म्हणजे ऑटोडेस्क हे नाव त्यांनी ठरवलेल्या एका वेगळ्याच, कचेरीतली कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं होतं. कॅड हे त्यांच्या यादीतलं अनेकांपैकी एक उत्पादन, आणि तेही माइक रिडल यानं आधी लिहिलेल्या 'इंटरॅक्ट' या प्रोग्रॅमवर बेतलेलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ते दाखवलं आणि गर्दी तिथेच जमली. किंमत होती हजार डॉलर.

हजार डॉलर आज ऐकायला जास्त वाटतात. पण तेव्हा कॅड म्हणजे खास मोठी यंत्रं, जी फक्त विमान किंवा मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना परवडायची. त्या काळात साध्या पीसीवर चालणारं ऑटोकॅड हाच मुळी स्वस्तातला पर्याय होता! आज आपण ज्याला पर्याय शोधतोय तेच एकेकाळी पर्याय म्हणून आलं होतं, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे ते हळूहळू पोचलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीच्या जाड भिंतींची, जड माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि घर बांधायचं म्हणजे आधी कागदावर प्लॅन हवा, ही गोष्ट या भागातल्या खेड्यापाड्यांत पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर पोचली. ट्रेसिंग पेपर, मिनी ड्राफ्टर, रोट्रिंगचं पेन आणि नाकात झोंबणारी अमोनिया प्रिंट हे तेव्हाचं प्लॅन काढणाऱ्याचं सामान. चूक झाली की ब्लेडनं रेघ खरवडायची.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तालुक्यातालुक्याला कॅडचे क्लास निघाले. आणि खरं बोलायचं तर बहुतेकांच्या पीसीवर जी प्रत आली ती मित्राच्या सीडीवरून. आपण सगळेच त्या काळातून आलोय, नाकं मुरडायची गरज नाही. पण कायदा तेव्हाही होता. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं ६३ ब हे कलम आलं. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. मामेभावाचा तर धंदाच तो.

मग विकत का घेत नाही? तर ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये एकदाच पैसे भरून कायमचा परवाना विकणं बंद केलं. आता वर्गणी. मोठ्या ऑफिसला ती परवडते. एका प्लॅनमागे काही हजार, तेही ग्राहकाच्या सोयीनं मिळणाऱ्याला दरवर्षी ती जड जाते. शिवाय घर पन्नास वर्षं उभं राहतं. मालकाचा मुलगा वरचा मजला चढवायला येईल तेव्हा जुनी फाईल उघडायला हवी. वर्गणी थांबली तर काय?

इथे खरी मेख आहे फाईलची. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ही फाईल कशी लिहिली जाते हे कंपनीनं कधीच जाहीर केलं नाही. बाकीच्यांनी ती उकलून काढली. १९९८ मध्ये त्यासाठी काही कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघ काढला. तो आता ओपन डिझाइन अलायन्स नावानं चालतो. २००६ मध्ये ऑटोडेस्कनं या संघावर दावा लावला. कारण असं की 'ही फाईल अस्सल आहे' अशी जी खूण ऑटोकॅड फाईलमध्ये टाकायचं, तीच खूण संघाच्या लायब्ररीनंही टाकली. २००७ मध्ये तडजोड झाली. पण ऑटोडेस्कनंच पहिल्यापासून दुसरंही एक दार ठेवलं होतं, ते म्हणजे डीएक्सएफ. ती साधी मजकुराची फाईल म्हणूनही साठवता येते आणि तिचं वर्णन जाहीर आहे. नोटपॅडमध्ये उघडा, रेघांचे आकडे दिसतील. पर्यायी कॅडवाल्यांचा सगळा संसार या दारातून आत आला.

आता फुकटाकडे येऊ. २०११ च्या सुमारास फ्रान्सच्या दासो कंपनीनं ड्राफ्टसाइट फुकट दिलं. डीडब्ल्यूजी सरळ उघडायचं, दिसायला ऑटोकॅडसारखंच. लोक खूश. मग कंपनीनं धोरण बदललं आणि २०१९ संपताना फुकटची आवृत्ती चालायची थांबली. यात बेकायदा काही नाही. त्यांचं सॉफ्टवेअर, त्यांची मर्जी. पण 'फुकट' म्हणजे काय ते यातून नीट कळतं. आज दिलं, उद्या परत घेतलं.

याउलट क्यूकॅडची गोष्ट बघा. अँड्र्यू मस्टननं १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं. त्याची एक आवृत्ती जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. २०१० च्या आसपास रीस व्हॅन ट्विस्क याला लाकूड कापायच्या सीएनसी यंत्रासाठी त्यात काही सोयी हव्या होत्या. त्यानं तो कोड घेतला, नव्या क्यूटी लायब्ररीवर आणला. आधी नाव कॅडुंटू, मग लिब्रेकॅड. परवानगी मागायची गरज पडली नाही, कारण ती परवान्यातच होती. मस्टनचं क्यूकॅडही चालूच राहिलं. कुणाचं काही हिरावलं गेलं नाही.

तिसरी गोष्ट अजून मजेदार. मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीनं आपलं त्रिमितीय आकृत्यांचं इंजिन १९९९ मध्ये खुलं केलं. तेच आजचं ओपन कॅस्केड. ती कंपनी आज त्या रूपात नाही, इंजिन मात्र आहे. त्यावर युर्गन रीगल आणि साथीदारांनी २००२ मध्ये फ्रीकॅड काढलं, ज्याची १.० आवृत्ती यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. बावीस वर्षं! आपल्याकडे स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो :-) आणि तेच इंजिन आपल्या पवईत पोचलं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ओसडॅग हे आयएस ८००:२००७ प्रमाणे स्टीलचे जोड डिझाइन करणारं खुलं सॉफ्टवेअर. त्यातली त्रिमितीय चित्रं याच इंजिनावर उभी राहतात.

तर फुकट आणि मुक्त यातला फरक हा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यानं त्यांची पंचाईत होते. आपल्याकडे दोन सरळ शब्द आहेत, तरी आपण फुकटावरच थांबतो.

असो. दुसऱ्या दिवशी मामेभावाच्या जुन्या पीसीवर लिब्रेकॅड चढवलं. ३० बाय ४० चा प्लॉट, नऊ इंची बाहेरच्या भिंती, साडेचार इंची आतल्या, असा त्याचा नेहमीचा प्लॅन काढायला सांगितला. पहिला अर्धा तास चिडचिड. बोटांना जुन्या आज्ञांची सवय, इथे त्या थोड्या वेगळ्या. मग हात बसला. लेअर आहेत, ब्लॉक आहेत, मापं फूट-इंचात येतात, पीसीही हँग होत नाही. "लै हलकं आहे की हे," तो म्हणाला.

अडचणीही खऱ्याच निघाल्या. जुन्या डीडब्ल्यूजी फायली लिब्रेकॅड कशाबशा वाचतं आणि त्या प्रकारात साठवत तर नाहीच. मराठी अक्षरं नीट उमटत नाहीत, कारण त्याचे फॉन्ट रेघारेघांचे, त्यात काना-मात्रा-जोडाक्षरांची जुळणी नाही. मालकाचं नाव मराठीत हवं तर काय? क्यूकॅडमध्ये नेहमीचे फॉन्ट चालतात, म्हणून तेही चढवलं.

सगळ्यात मोठी अडचण मंजुरीची. ऑनलाइन परवानगीत प्लॅन माणूस नंतर बघतो, आधी संगणक बघतो. पुण्याच्या सॉफ्टटेकचं ऑटोडीसीआर राज्यातल्या कितीतरी महापालिकांनी वापरलं. ते कॅड फाईलमधल्या ठरावीक लेअरवरून सामासिक अंतरं आणि चटईक्षेत्र मोजतं. नियम सगळ्यांचे, कर सगळ्यांचा, पण फाईल हवी ती बहुतेक वेळा डीडब्ल्यूजी. म्हणजे आपल्याच जागेवर आपलं घर बांधायची परवानगी मागायला, जिचं वर्णन कधी जाहीरच झालं नाही अशा फाईलमधून जावं लागतं. सरकारनं सॉफ्टवेअर फुकट वाटावं असं माझं म्हणणं नाही. मंजुरीच्या प्रत्येक व्यवस्थेत डीडब्ल्यूजीच्या जोडीला डीएक्सएफही घ्यावी, एवढं पुरे. वर्णन जाहीर आहे, वाचायच्या लायब्रऱ्या खुल्या आहेत. मागणी मोठी नाही.

तोवर मामेभावानं मधला मार्ग काढलाय. रोजचे प्लॅन, साइटवरच्या छोट्या आकृत्या लिब्रेकॅड आणि क्यूकॅडमध्ये. ऑनलाइन मंजुरीचं काम ज्या इंजिनिअरची सही असते त्याच्या ऑफिसातल्या रीतसर परवान्यावर. आणि प्रत्येक घराची एक डीएक्सएफ आणि एक पीडीएफ पेन ड्राइव्हवर, घरमालकाला द्यायला. हे शेवटचं मी सुचवलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. "घर त्याचं आहे दादा, नकाशा माझ्याकडे अडकून कशाला राहावा?"

मी निघालो तेव्हा तो २००९ सालच्या फायली एकेक करून डीएक्सएफमध्ये साठवत बसला होता. त्यातल्या काहींमध्ये मालकांची नावं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमुळे कचऱ्यासारखी दिसत होती. ती तो समोरच्या वहीत बघून पुन्हा टंकत होता.