नभ, नेब्युला आणि शार्ल मेसिए

‘नेब्युला’ हा मूळचा लॅटिन शब्द. अर्थ धुके. आपले ‘नभ’ हे त्याचे सख्खे भावंड. वेदकालीन संस्कृतात ‘नभस्’ म्हणजे धुके, ढग, वाफ. ‘आकाश’ हा अर्थ त्यातूनच पुढे रूढ झाला. ग्रीक ‘नेफोस’ (ढग) आणि जर्मन ‘नेबेल’ (धुके) हेही याच कुळातले. श्रावणाचे जुने नाव ‘नभस्’ आणि भाद्रपदाचे ‘नभस्य’. ऐन पावसाळ्यातल्या महिन्यांची ही नावे शब्दाचा मूळ ओलसर अर्थ आजही सांभाळून आहेत.

खगोलशास्त्रात या धुक्याची पद्धतशीर नोंद ठेवणारा माणूस म्हणजे शार्ल मेसिए. जन्म १७३० चा, लॉरेन प्रांतातल्या बादोंव्हिये गावचा. बारा भावंडांतला दहावा. १७५१ मध्ये तो पॅरिसला आला आणि खगोलज्ञ दलील यांच्या हाताखाली क्लूनी हवेलीतल्या वेधशाळेत कामाला लागला. त्याचा ध्यास एकच, धूमकेतू. फ्रेंचमधला ‘कोमेत’ ग्रीक ‘कोमेतेस’वरून आला, म्हणजे लांब केसांचा. आपल्याकडे पंडितांचा ‘धूमकेतू’ धुराचा ध्वज फडकवतो, तर लोकांच्या तोंडचे ‘शेंडेनक्षत्र’ थेट शेंडीच दाखवते. ग्रीक आणि मराठी माणसाला या पाहुण्याच्या डोक्यावरचे केसच आधी दिसले!

२८ ऑगस्ट १७५८. एका धूमकेतूचा माग काढताना मेसिएला वृषभाच्या शिंगाजवळ फिकट पांढरा, मेणबत्तीच्या ज्योतीसारखा लांबट ठिपका दिसला. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकतो. हा जागचा हलेना. असे फसवे ठिपके पुन्हा कोणाची दिशाभूल करू नयेत म्हणून त्याने त्यांची यादी करायला घेतली. १७७४ मध्ये छापलेल्या पहिल्या यादीत ४५ नोंदी होत्या. पुढे प्येर मेशँ या सहकाऱ्याची मदत मिळाली आणि १७८१ पर्यंत संख्या १०३ वर गेली. नंतरच्या अभ्यासकांनी भर घालून ती ११० केली. वृषभातला तो ठिपका झाला ‘एम १’. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी ज्याचा स्फोट पाहिला, त्या ताऱ्याचे हे अवशेष. पहिल्या यादीतली शेवटची नोंद, ‘एम ४५’, म्हणजे आपल्या कृत्तिका.

यादीच्या शीर्षकात मेसिएने दोनच वर्ग सांगितले: ‘नेब्युलोज’ आणि ताऱ्यांचे गुच्छ. त्याच्या लहान दुर्बिणीतून त्याहून अधिक कळणे शक्यच नव्हते. पण धुक्याच्या या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू नांदत होत्या. मृगातला ‘एम ४२’ खरोखरच वायूचा आणि धुळीचा ढग आहे. देवयानीतला ‘एम ३१’ मात्र आपल्या आकाशगंगेबाहेरचे अब्जावधी ताऱ्यांचे स्वतंत्र विश्व आहे. एडविन हबलने १९२० च्या दशकात हे सिद्ध केले. यादीतल्या सुमारे चाळीस नोंदी अशाच परक्या विश्वांच्या आहेत.

मराठीने हा भेद नेमका टिपला आहे. वायूच्या ढगाला ‘अभ्रिका’ किंवा ‘तेजोमेघ’. अभ्र म्हणजे ढग, आपल्या ‘आभाळा’चे मूळही तेच. ताऱ्यांच्या विश्वाला ‘दीर्घिका’. संस्कृतात याचा अर्थ लांबट तळे. युरोपीय ‘गॅलेक्सी’च्या मुळाशी ग्रीक भाषेतले दूध आहे. आपल्याकडे आधीच आकाशात गंगा वाहत होती, तेव्हा तिच्या शेजारी तळे शोभलेच. ताऱ्यांच्या समूहाला ‘तारकागुच्छ’.

मेसिएने तेरा धूमकेतू शोधले आणि १८१७ मध्ये तो वारला. ज्यांच्यासाठी तो रात्री जागला ते धूमकेतू आज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. टाळायच्या वस्तूंची यादी मात्र जगभरच्या हौशी निरीक्षकांची पहिली वही झाली. मराठीत लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: देवयानीला ‘तेजोमेघ’ म्हणू नका आणि मृगातल्या ढगाला ‘दीर्घिका’ म्हणू नका. मेसिएपाशी हे वेगळे शब्द नव्हते. आपल्यापाशी आहेत, ते नीट वापरू या.