हायकू, तांका, सेनर्यू आणि आपली ओवी

हायकू म्हणजे काय, असं मराठी वाचकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: जपानी, तीन ओळींची, ५-७-५ अक्षरांची कविता. उत्तर ठीक आहे, पण त्यात इतिहास नाही. तो आज आपण थोडा पाहू. रत्नागिरीत बोलतो आहोत, तेव्हा जिल्ह्यातली दोन माणसं सोबत घेऊ: मालगुंडचे केशवसुत आणि पालगडचे साने गुरुजी.

आधी आकडे. तांका ५-७-५-७-७, म्हणजे एकूण ३१. हायकू आणि सेनर्यू दोन्ही ५-७-५, म्हणजे १७. पण जपानी माणूस मोजतो ते आपलं अक्षर नव्हे. ‘तोक्यो’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात. जपानीत दोन्ही स्वर दीर्घ, म्हणून मोजणी चार. म्हणजे हे गणित आपल्या मात्रांच्या जवळचं आहे. शिवाय हायकू आणि सेनर्यू यांची मोजणी एकच असेल, तर फरक कशात? तो मापात सापडत नाही. ती कविता कुठे आणि कोणासमोर म्हटली जात होती, तिथे तो सापडतो. आम्ही त्याला कवितेचं घर म्हणतो.

तांका सर्वांत जुनी. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या संग्रहात सुमारे साडेचार हजार कविता आहेत आणि त्यांतल्या बहुतेक याच घाटाच्या. पुढे दरबारात ती पत्रासारखी चालू लागली. प्रियकराने तांका पाठवायची, तिने तांकेनेच उत्तर द्यायचं.

मग लोकांनी तिचे दोन तुकडे केले. एकाने ५-७-५ म्हणायचं, दुसऱ्याने ७-७ जोडायचं, तिसऱ्याने पुढे न्यायचं. ही झाली रेंगा, म्हणजे साखळी कविता. पहिला तुकडा बहुधा मानाच्या पाहुण्याचा, आणि त्यात चालू ऋतूचा उल्लेख हवाच, दुसरा यजमानाचा. बाशोच्या काळात (१६४४–१६९४) अशी ३६ कड्यांची बैठक रूढ होती. हायकूतला ऋतू आला तो या बैठकीच्या शिष्टाचारातून.

सेनर्यूचं घर मात्र बाजारात. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, परीक्षक ७-७ चा तुकडा द्यायचा आणि लोक पैसे भरून ५-७-५ ची जोड पाठवायचे. कराई सेनर्यू हा नावाजलेला परीक्षक. त्याच्याच नावावरून प्रकाराला नाव पडलं. त्याच्या निवडीचा पहिला संग्रह १७६५ चा. इथे ऋतूची सक्ती नाही. नवरा-बायको, सासू, वैद्य, सरकारी शिपाई, सगळ्यांची फिरकी घ्यायची, आणि तीही बहुतेक निनावी.

‘हायकू’ हे नाव रूढ केलं मासाओका शिकीने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. साखळी कविता हे साहित्य नव्हे, असं ठणकावून त्याने पहिला तुकडा सुटा काढला. शिकी जन्मला १८६७ मध्ये, आपले केशवसुत १८६६ मध्ये. शिकी क्षयाने १९०२ मध्ये गेला, केशवसुत प्लेगने १९०५ मध्ये. दोघांनीही जुनी चौकट हलवली. केशवसुतांनी १८९२ मध्ये इंग्रजी सॉनेट ‘चतुर्दशक’ म्हणून मराठीत आणलं. फरक एवढाच, की शिकीने घर मोडलं तसं नवं बांधलंही: वर्तमानपत्राचं सदर आणि ‘कुकाई’, म्हणजे एकत्र बसून एकमेकांचे हायकू निनावी वाचून निवडायची बैठक. ती आजही जपानात भरते.

मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी, १९७० च्या दशकापासून. त्यांनी १७ अक्षरांचा हट्ट धरला नाही. तीन ओळी आणि एक क्षण धरला. आमच्या मते ते योग्यच होतं. पण मराठी हायकू आला तो मुख्यतः छापील पानावर. बैठक मागेच राहिली.

आपल्याकडे असं घर नव्हतं का? होतं की! ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. जात्यावर दोघी बसल्या की एकीच्या ओवीला दुसरीची ओवी जोडली जायची. तिथे भाऊ आणि माहेर यायचं, सासरची फिरकीही यायची. म्हणजे रेंगा आणि सेनर्यू एकाच दगडाभोवती! साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या, पुढे गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक जमा झाल्या. शब्द वाचले. पण पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, आणि ओवीला ओवीने उत्तर देणं थांबलं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. मराठी हायकू टिकायचा तर अक्षरं मोजून टिकणार नाही. त्याला बसायला जागा लागेल. आणि ज्या आज्यांना अजून ओव्या येतात, त्यांच्याकडून नुसतं उतरवून घेऊ नका. त्यांच्यासमोर बसा, त्यांनी एक म्हटली की तुम्ही एक म्हणा.