उष्णकटिबंधीय इओसीनरागी-आधिक्य
फायलेरिया (हत्तीरोगाचे) कृमी शरीरात शिरले असता काही व्यक्तींत होणारा फुप्फुसविकार. रात्री बळावणारा कोरडा खोकला, धाप, बारीक ताप व वजन घटणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. इओसीन या तांबड्या रंजकाने रंगणाऱ्या श्वेत कोशिकांना इओसीनरागी कोशिका म्हणतात. निरोगी रक्तात त्या दर घन मिमी.मध्ये सामान्यतः ५०० पेक्षा कमी असतात. या विकारात त्यांची संख्या ३,००० च्या वर जाते.

मदनपल्लीजवळील (आंध्र प्रदेश) क्षयरोग आरोग्यधामातील फ्रीमोट-मलर व बार्टन यांनी १९४० मध्ये या क्षयसदृश विकाराचे वर्णन केले. क्ष-किरण चित्रात अशा रुग्णांच्या फुप्फुसांत ठिपके दिसत. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू आढळत नसत. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये त्याला प्रस्तुत नाव दिले व आर्सेनिकयुक्त औषधाने तो बरा होतो, असे दाखविले. कारण मात्र अज्ञातच राहिले. फायलेरियाची शंका घ्यावी, तर रक्तात कृमीचे डिंभ (प्रौढपूर्व अवस्था) सापडत नसत. हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामेझीन हे औषधही गुणकारी ठरल्याने ती शंका बळावली. अखेर १९६० मध्ये वेल्लोर येथील वेब, जॉब व गॉल्ट यांना रुग्णांच्या फुप्फुसांत, यकृतात व लसीका ग्रंथींत हे डिंभ आढळले.

डिंभ रक्तात न सापडण्याचे कारण रोग्याच्या तीव्र प्रतिकारातच आहे. डासाच्या दंशातून शिरलेले कृमी लसीका वाहिन्यांत वाढतात व मादी असंख्य डिंभ रक्तात सोडते. बहुसंख्य बाधित व्यक्तींत कृमी प्रतिकारयंत्रणेला शमवितात. त्यामुळे रात्री रक्तात डिंभ असूनही त्रास जाणवत नाही. प्रस्तुत विकारात याच्या उलट घडते. डिंभांवर प्रतिपिंडे चिकटतात, ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात व तेथेच नष्ट होतात. त्यांतून मुक्त झालेल्या प्रतिजनांमुळे साहाय्यक टी-कोशिका चेतविल्या जातात. त्यांनी स्रवलेल्या इंटरल्यूकिन-५ मुळे अस्थिमज्जेत इओसीनरागी कोशिका मोठ्या प्रमाणात तयार होतात व इंटरल्यूकिन-४ मुळे ‘ई’ वर्गाची प्रतिपिंडे वाढतात. ही प्रतिपिंडे १९६६-६७ च्या सुमारास ओळखली गेली. त्यांच्यामुळे श्वासनलिका आकुंचन पावून दम्यासारखी घरघर होते. कृमिनाशासाठी इओसीनरागी कोशिकांतून बाहेर पडणारी विषारी प्रथिने फुप्फुसाच्या ऊतकालाही इजा करतात. म्हणजे येथे रोग घडवितो तो कृमीपेक्षा त्याला दिलेला प्रतिकार.

डायएथिलकार्बामेझीन सामान्यतः तीन आठवडे दिल्यास बहुतेक रुग्णांना आराम पडतो. काहींत विकार उलटतो. उपचार लांबल्यास फुप्फुसांत तंतुमय ऊतक वाढून कायमचा श्वसनदोष राहतो. म्हणून विदर्भासारख्या हत्तीरोगग्रस्त प्रदेशातील रुग्णाला दीर्घकाळ खोकला असून क्षयाचे जंतू मिळत नसतील, तर त्याच्या रक्तातील इओसीनरागी कोशिकांची गणना अवश्य करावी. रक्तात डिंभ नाहीत, एवढ्यावरून हा विकार नाही असे ठरविता येत नाही.