कढीतले मेलेले जिवाणू आणि आपल्या पोरांचं पोट



मुलांपैकी कुणाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला की दोन फोन हमखास येतात. आजी म्हणते, "रोज ताक दे." मैत्रीण म्हणते, "ऑनलाइन पोस्टबायोटिक मिळतं, ते सुरू कर." दोघींच्या सल्ल्यामागे इतिहास आहे. तो माहीत असलेला बरा, म्हणून थोडं लांब लिहितेय.

आधी एक गैरसमज. "हा गोऱ्यांचा आजार" असं आपल्याकडे म्हणतात. पण १९९२ साली लेस्टरशरमधल्या अभ्यासात भारतीय वंशाच्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिस स्थानिकांपेक्षा जास्त आढळला होता.

आता ताक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकॉफ सांगत होते, की दह्यातले जिवंत जिवाणू आतड्यातल्या वाईट जिवाणूंना आवर घालतात. त्यांचाच ओडेसातला विद्यार्थी हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईला आला. त्याने प्लेगचे जिवाणू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. गुरूचा भर जिवंत जिवाणूंवर, शिष्याचा मेलेल्यांवर!

पोस्टबायोटिक म्हणजे मेलेले जिवाणू किंवा त्यांचे अंश, आणि त्यांचा शरीराला फायदा झालेला दिसायला हवा. ही व्याख्या २०२१ ची. लस शरीराला लढायला शिकवते. इथे आशा उलटी आहे, आतड्याची आग शांत करायची. २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांना दिसलं, की क्रोन्सच्या ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या आतड्यात फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जिवाणू कमी होता, त्यांचा आजार लवकर उलटत होता. तो जिवाणू ज्या द्रवात वाढवला, तो नुसता द्रव दिल्यावरही सूज कमी झाली. पण उंदरांची.

पुढचा धडा आपल्या कॅमडेनमधलाच. सेंट पँक्रसशेजारच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स ली यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं, की ईटीएस२ नावाचं जनुक मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींना भडकवतं. म्हणजे दोष फक्त जिवाणूंचा नाही, शरीराच्या पेशीही आगीत तेल ओततात. मग एका कॅप्सूलने सगळं भागेल, ही अपेक्षा फार मोठी झाली.

म्हणून कळकळीने सांगते: पोस्टबायोटिकच्या भरवशावर चालू औषध बंद करू नका. बरं वाटतंय म्हणूनही नाही. नवीन काही द्यायचं असेल तर आधी हॉस्पिटलच्या आयबीडी नर्सला किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. निदान झालेलं नसेल, पण शौचातून रक्त, बरेच दिवस जुलाब, घटतं वजन किंवा खुंटलेली उंची दिसत असेल, तर जीपीकडे जा आणि "कॅलप्रोटेक्टिनची तपासणी करायची का?" असं स्पष्ट विचारा.

आणि कढी? ती उकळली की जिवाणू मरतात, पण तेवढ्याने ती औषध होत नाही. पोराला सोसत असेल, आवडत असेल तर जरूर करा. आजीला मात्र फोनवर सांगा: ताक जेवणात, औषध वेळेवर.