इंजिनाचा उच्छ्वास आणि टर्बोची गोची

इंदूरहून भोपाळला जाताना माझी टर्बो डिझेल गाडी तेल गाळायला लागली. गॅरेजवाल्याने क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील बदललं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा बिलाचा आकडा विचारू नका. दोन महिन्यांत पुन्हा तेच! दुसऱ्या मिस्त्रीने आधी टॅपेट कव्हरवरची अंगठ्याएवढी जाड नळी काढून दाखवली. आत काळा गाळ घट्ट बसला होता. ‘‘श्वास कोंडलाय साहेब, सील तरी काय करणार?’’ आजची गोष्ट त्या नळीची.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, जळताना थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात, गॅरेजात बॅक कॉम्प्रेशन. त्यात न जळलेलं इंधन असतं, पाण्याची वाफ असते. तो आत राहिला तर तेलाचा चिखल होतो आणि दाब वाढून सील सुटतात.

जुन्या गाड्यांत यावर सोपी तोड होती. क्रँककेसमधून एक नळी थेट गाडीच्या पोटाखाली सोडायची. गाडी पळाली की वाऱ्याने खेच निर्माण होई आणि वायू रस्त्यावर जाई. गाडी उभी असली की खेच बंद. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायचे होते, तिथे अशी उघडी नळी कशी चालेल? तेव्हा तो वायू पुन्हा इंजिनालाच प्यायला लावायची युक्ती वापरली गेली. शांतताकाळात मात्र ती बाजूलाच पडली.

तिला परत आणलं लॉस एंजेलिसच्या धुरक्याने. कॅलटेकमधले एरी हागेन-स्मित खरं तर अननसाच्या स्वादाचं रसायन तपासणारे शास्त्रज्ञ. गाड्या आणि तेल कारखान्यांतली हायड्रोकार्बनं उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून डोळे झोंबवणारं धुरकं बनवतात, हे त्यांनी 1950 च्या सुमारास दाखवलं. पुढे कळलं, की गाडीच्या हायड्रोकार्बनांतला साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नाही, त्या पोटाखालच्या नळीतून येतो. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, 1963 पासून सगळ्या अमेरिकेत. पेट्रोल इंजिनाचं थ्रॉटल अर्धवट मिटलेलं असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तोच क्रँककेसमधला वायू ओढून घेतो. फुकटचा पंप!

आणि गंमत बघा. 1962 साली ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअरची स्पायडर, या टर्बो बसवलेल्या पहिल्या विक्रीच्या मोटारी बाजारात आल्या. टर्बो हवा दाबून भरतो. पाय दाबला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी उलटा दाब. म्हणजे बॅक कॉम्प्रेशन सर्वांत जास्त होतं, नेमका तेव्हाच आपला पंप बंद! वर, वाट उघडी राहिली तर दाबलेली हवा नळीतून क्रँककेसमध्ये घुसते आणि डिपस्टिकसुद्धा वर उचलली जाते.

म्हणून टर्बोच्या पेट्रोल इंजिनात दोन वाटा ठेवतात. हळू चालताना वायू मॅनिफोल्डकडे जातो. तिथे दाब वाढला की एकमार्गी व्हॉल्व्ह ती वाट मिटवतो. मग वायू दुसऱ्या नळीने एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या भागात जातो, कारण टर्बो तिथून हवा ओढत असतो. सुपरचार्जरची रड तीच. फक्त तो पट्ट्यावर फिरतो, आणि थ्रॉटल त्याच्या अलीकडे की पलीकडे यावर नळ्यांची जोडणी ठरते.

या दुसऱ्या वाटेची किंमत तेलात मोजावी लागते. वायूबरोबर तेलाचे बारीक थेंब टर्बोच्या पंख्यावर आणि इंटरकूलरमध्ये बसतात. म्हणून मध्ये तेल वेगळं करणारी डबी लागते. डिझेलला तर मुळात पेट्रोलसारखं थ्रॉटल नाही, म्हणून सांगण्यासारखा व्हॅक्यूमही नाही. टर्बो आणि आफ्टरकूलर तेलकट होतील या भीतीने अमेरिकेने जड टर्बो डिझेल इंजिनांना ब्रीदर उघडा ठेवण्याची सूट दिली होती. ती 2007 च्या मॉडेलपासून गेली. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांखाली ब्रीदरची नळी धूर सोडताना तुम्ही पाहिली असेलच.

माझ्या गाडीत ती डबी गाळाने भरली होती. मिस्त्रीने डबी बदलली, नळी धुतली, मग तिसरं सील बसवलं. ते अजून कोरडं आहे.