चान्या : त्याग आणि वारसा

घराण्याच्या अन्नपरंपरेस आपण सहसा आवडीनिवडींचे संचित समजतो. परंतु जी परंपरा गावगाड्याने ठरवून दिलेल्या वाट्यातून घडली, तीस वारसा म्हणावे काय? महाराष्ट्रातील दलित कुटुंबांच्या चुलीपाशी हा प्रश्न येऊन ठेपतो.

गावात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांकडे लादलेले काम. त्याचे मांस हा त्यांचा वाटा. एका दिवसात न संपणाऱ्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्या उन्हात वाळवीत. याच चान्या. टंचाईच्या दिवसांत त्या भाजून वा शिजवून खाल्ल्या जात. दूधतूप दुर्मिळ असलेल्या घरांत ही बेगमी म्हणजे बायकांचे पाककौशल्य होते. गावाच्या लेखी ती विटाळाची खूण होती. ज्या व्यवस्थेने हे अन्न पदरात टाकले, तिनेच ते खाणाऱ्यांस हीन ठरविले.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याचे पाणी घेणे आणि मृतमांस नाकारणे, ही माणुसकीच्या एकाच हक्काची दोन अंगे होती. पुढे १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्य हे भिन्न वंशाचे असल्याचे मत खोडून काढले आणि अस्पृश्यतेचे मूळ गोमांसभक्षणाशी जोडले. जो भेद रक्तात नव्हता तो ताटावरून पाडला गेला, हा त्या मांडणीचा आशय.

त्यागासोबत मौनही आले. शहरात शिकूनसवरून स्थिरावलेल्या अनेक घरांत चान्यांचा उच्चारही टाळला जाई. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झाले आणि मराठवाड्यातील महार-मांगांच्या पाककृती ग्रंथरूपात आल्या.

त्याच वर्षी, १९७६ च्या कायद्यातील गोहत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू करणाऱ्या १९९५ च्या दुरुस्ती विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली; मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावरांचे मांस बाळगणे हा गुन्हा मानणारे कलम रद्द केले. घरातील ताट हा आता न्यायालयीन वादाचा विषय झाला होता.

महाडचा त्याग आणि ही बंदी यांस एका मापाने मोजता येणार नाही. १९२७ चा निर्णय खाणाऱ्यांनी स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी घेतला. २०१५ चा निर्णय त्यांच्यासाठी इतरांनी घेतला. म्हणूनच आज चान्यांची कृती लिहून ठेवणारा महाडकडे पाठ फिरवीत नाही. भुकेच्या काळी ज्या हातांनी घर जगविले, त्या हातांच्या ज्ञानाची तो नोंद करतो. सोडलेले अन्नही इतिहासाचाच भाग असते, आणि ते का खावे लागले व का सोडले, या दोन्ही गोष्टी कृतीसोबत लिहिल्या गेल्या तरच त्या नोंदीस वारसा म्हणता येईल.